आतला काळा थर

फ्लेक्सचं मशीन बेंगळुरात आमच्या रस्त्यावर आलं तेव्हा मी नववीत होते. त्याआधी आमचे अप्पा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. कन्नड, इंग्रजी, तमिळ, कोणी मागितलं तर उर्दूसुद्धा. वाचता यायचं त्यातलं फक्त कन्नड, पण अक्षर चारही लिप्यांत असं, की रस्त्याने जाणारा माणूस शिडीखाली उभा राहून बघायचा. मशीन आलं आणि सहा महिन्यांत शिडी घरी आली. आधी भिंतीला टेकून उभी होती, मग कोणीतरी विकत नेली. रंगांचे डबे आणि टर्पेंटाइनचे कॅन खाटेखाली गेले. अप्पा मारतहळ्ळीच्या एका अपार्टमेंटच्या गेटवर सिक्युरिटीचा निळा शर्ट घालून उभे राहिले. तिथे रजिस्टरमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहायची असतात. अप्पांनी लिहिलेलं रजिस्टर बघून तिथला एक साहेब म्हणाला होता, "इतकं सावकाश लिहू नका, मागे गाड्यांची रांग लागते."

आई बसवनगुडीत चार घरी चपात्या करायची. पूर्वी आम्ही त्याच बाजूला राहायचो. भाडं झेपेना म्हणून के. आर. पुरम स्टेशनच्या मागे एका खोलीत आलो, पण आईने घरं सोडली नाहीत. पहाटे निघायची, दुपारी यायची. आमच्या घरात सांगतात, की आम्ही तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या घोड्यांमागून बेंगळुरात आलो. अप्पा म्हणायचे, "घोडे पुढे गेले, आपण मागेच राहिलो." आमच्यात दहावी पास झालेली मी पहिली. कॉलेजात इतिहास घेतला, कारण कॉमर्सच्या जागा भरल्या होत्या. हे लाजून सांगत नाही. जे होतं ते सांगते.

बाईंची आणि माझी गाठ पडली ती आईच्या डब्यामुळे.

बाई म्हणजे आईच्या चार घरांपैकी तिसरं घर. पंधराएक वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून आलेलं बिऱ्हाड. त्यांचे यजमान सरकारी कारखान्यात विमानांचे इंजिनीयर होते, निवृत्त होऊन इथेच राहिले. त्यांना सगळे काका म्हणायचे. बाईंनी जन्मभर एकच काम केलं होतं. जमिनीतून निघालेली फुटकी मातीची भांडी तपासायची, ती कुठली, केव्हाची आणि कशी आली ते सांगायचं. गल्लीतले लोक त्यांना 'मडके अज्जी' म्हणायचे. आहेत का घरात, म्हणून दूधवाला फाटकातून ओरडायचा, "मडके अज्जी इद्दारा?" आणि बाई आतून त्याच सुरात ओरडायच्या, "इद्दारे! फुटलेली नाही अजून!"

त्यांना एक खोड होती. हातात आलेली कुठलीही वस्तू आधी उलटी करून तिचं बूड बघायचं. काठ खोटं बोलतो, बूड बोलत नाही, असं त्या म्हणायच्या. काठाला लोक नक्षी करतात, बुडाकडे कोणाचं लक्ष नसतं, म्हणून घडवणाऱ्याचा खरा हात बुडाशी सापडतो. आता हे ज्ञान खणलेल्या भांड्यांपुरतं ठेवलं असतं तर गोष्ट वेगळी. पण बाईंनी एका लग्नात जेवणाचं ताट उलटं करून बघितलं होतं, वाढलेलं. चटणी आणि कोशिंबीर शेजारच्या पाहुण्यांच्या धोतरावर. काका ही गोष्ट सांगताना दर वेळी पदार्थ वाढवायचे. शेवटी शेवटी त्यात जिलबीपण होती.

तर आईचा डबा. चार घरी डबे बदलतात म्हणून मी तिच्या डब्याच्या बुडाला रंगाने तिचं नाव लिहून दिलं होतं. अप्पांच्याच सगळ्यात बारीक ब्रशने, रुपयाच्या नाण्यावर मावेल एवढं, मराठीत आणि कन्नडमध्ये. बाईंनी डबा उलटा केला. रिकामा होता म्हणून आई वाचली.

"हे कोणी लिहिलं?"

आई घाबरली. तिला वाटलं, चोरीचा वगैरे संशय. म्हणाली, "पोरीने अम्मा. चुकलं का?"

"चुकलं कसलं? उद्या तिला घेऊन या."

असं मला काम लागलं. खापराच्या प्रत्येक तुकड्यावर शाईने खूण लिहायची असते. गावाची अक्षरं, खड्ड्याचा नंबर, थराचा नंबर, तुकड्याचा नंबर. नखाएवढ्या जागेत हे सगळं बसवायचं. लिहिलं नाही तर तो तुकडा कुठून आला हे कोणीच सांगू शकत नाही. मग तो नुसताच फुटका तुकडा. बाईंचे डोळे आता ते करू देत नव्हते. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पहिल्या दिवशी साठ तुकड्यांवर लिहिलं. बाईंनी भिंगातून एकेक बघितला आणि म्हणाल्या, "कुठे होतीस ग इतकी वर्षं?" आमच्या घरात तोवर असं कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

त्या घरात सोफा नव्हता. समोरच्या खोलीत भिंतीला लागून लाकडी ट्रे रचलेले, काकांनी स्वतः रंधा मारून केलेले. काका म्हणायचे, "आमच्याकडे सोफ्याच्या जागी इराण आहे. चीन पलंगाखाली आहे. बसायचं असेल तर कोकणात बसा, ती सतरंजी." ही खापरं कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावात निघालेली. खणती कधीच संपली होती. बाईंनी रीतसर परवानगी घेऊन, यादीवर सही करून, अभ्यासासाठी ती घरी आणली होती. बारा वर्षं त्यावर चालली होती. अहवाल लिहून तुकडे परत करायचे होते.

त्या गावात आज काही नाही. चार होड्या आणि एक मासळी सुकवायचं पटांगण. पण हजार-बाराशे वर्षांपूर्वी तिथे इराणच्या आखातातून गलबतं येत होती, असं बाईंचं म्हणणं. पुरावा काय? कागद नाही, शिलालेख नाही. ही खापरं. निळसर हिरव्या जाड झिलईची, ती आखाताच्या बाजूची. करड्या-हिरव्या, नखाने वाजवली तर टण्ण आवाज करणारी, ती चीनची. आणि तिसरी जात म्हणजे बाईंचा जीव की प्राण. कान नसलेला, बुडाशी निमुळता होत गेलेला उंच रांजण, त्याचे तुकडे. इंग्रजीत त्याला टॉर्पेडो जार म्हणतात. बाई 'गाजर' म्हणायच्या. त्यात तेल यायचं, खजुराचा पाक यायचा, दारू यायची. दिसायला अगदी साधं.

"एक तुकडा आला तर पाहुणा," बाई म्हणायच्या. "येऊन गेला, काही सिद्ध होत नाही. शंभर आले, प्रत्येक थरात आले, तर ती सोयरीक."

पूर्वी याच गाजरांना लोक रोमन समजायचे. बाईंनी स्वतः तरुणपणी तसं छापलं होतं. चूक कळल्यावर त्यांनी त्याच मासिकाला पत्र पाठवून सांगितलं, की मी लिहिलेलं चूक आहे, कृपया छापा. त्यांनी छापलं नाही. मग बाईंनी त्या लेखाच्या जितक्या प्रती सापडतील तितक्या शोधून, ग्रंथालयांत जाऊन, समासात पेन्सिलीने 'हे चूक आहे' असं लिहून खाली सही केली. एका ग्रंथपालाने पुस्तक खराब केलं म्हणून त्यांना बाहेर काढलं होतं. हे सांगताना त्यांचा चेहरा पदक मिळाल्यासारखा व्हायचा.

खापराला जीभ लावायच्या. कच्च्या भाजणीचं खापर जिभेला चिकटतं, पक्कं चिकटत नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तोंड फिरवलं. आठवड्याने मीही लावायला लागले. आई म्हणाली, "शिकायला पाठवली, चाटायला लागली."

एकदा बाई आणि मी मारतहळ्ळीला अप्पांना डबा द्यायला गेलो होतो. जवळच्या मॉलमध्ये बाई शिरल्या. कपबश्यांच्या रॅकसमोर उभ्या राहून एकेक कप उलटा करायला लागल्या. दुकानातली मुलगी धावत आली. "मॅडम, प्राइस इधर साइड में है."

"किंमत नको ग. हा चीनचा. हा पण चीनचा. हा थायलंड." मग माझ्याकडे वळून, "बघ, सोयरीक अजून टिकून आहे. आता बुडाला गावाचं नाव लिहून देतात. तेव्हा तसे देत असते तर माझी बारा वर्षं वाचली असती."

सगळ्या रॅकवरचे कप त्यांनी परत सरळ ठेवले, आधी होते त्याच क्रमाने. आणि काही न घेता बाहेर आल्या.

त्यांचा आणखी एक नियम होता, आणि तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. या कामातले लोक खापराचा कोपरा पकडीने किंचित मोडून ताजी कड बघतात. आतली माती कशी आहे ते नीट दिसतं. सगळे करतात. बाई करत नसत. "एकदा फुटलंय ते. मी परत फोडणार नाही." जुन्या कडेवर भिंग लावून, जीभ लावून, उन्हात फिरवून त्या तासन् तास घालवायच्या, पण मोडायच्या नाहीत. काका चिडायचे, "अगं, दोन मिनिटांचं काम." बाई म्हणायच्या, "हजार वर्षं टिकलंय, माझी दोन मिनिटं वाचवायला मोडू?"

आता माझी चूक.

बाई आणि मी माझ्या तिसऱ्या वर्षाच्या मार्चपर्यंत झिलईच्या खापरांवरच काम करत होतो. ती धुवायला सोपी. पाणी, मऊ ब्रश, संपलं. मग बाई भाचीच्या लग्नाला चार दिवस कोल्हापूरला गेल्या. जाताना किल्ली माझ्याकडे दिली आणि म्हणाल्या, "आठ आणि नऊ नंबरचे ट्रे धुऊन, खुणा लिहून ठेव." एवढंच.

आठ नंबरात झिलईचे तुकडे होते. नऊ नंबरात एकेचाळीस तुकडे, मातीचे, जाडजूड. बाहेरून पिवळट, आतून काळेकुट्ट. मऊ ब्रशने काळं निघेना. मला वाटलं, काजळी. स्वयंपाकाची भांडी असणार, करपली असणार. आमच्या घरात काळं भांडं म्हणजे आईची अब्रू. मी नारळाच्या काथ्याने घासलं, थोडं निघालं. मग मला युक्ती सुचली. दुसऱ्या दिवशी घरून येताना खाटेखालचा टर्पेंटाइनचा कॅन आणला. फडक्यावर घेतलं आणि पुसलं. काय सांगू, लोण्यासारखं निघालं! दोन दिवस मी एकेचाळीस तुकडे पुसले. आतून पिवळेधमक. त्या स्वच्छ जागेवर माझ्या खुणा अशा उठून दिसायला लागल्या, की मी फोनवर फोटो काढले. काका येऊन बघून गेले. "वा! चकाचक!" म्हणाले.

बाई लग्नाहून आल्या. पायांतल्या चपला न काढता ट्रेपाशी गेल्या. पहिला तुकडा उचलला, उलटा केला. आतली बाजू बघितली. दुसरा उचलला. तिसरा. मग सगळे बघितले, एकेचाळीसही. मी बाजूला उभी, शाबासकीची वाट बघत.

"कशाने पुसलंस?"

"टर्पेंटाइनने. काजळी फार होती, बाई."

त्या ट्रेसमोरच खाली बसल्या. मग म्हणाल्या, "किती मनापासून पुसलंयस ग."

ते तुकडे गाजराचे होते, मी तोवर कधी हाताळले नव्हते, आणि ती काजळी नव्हती. डांबर होतं. गाजराची माती पाझरते, म्हणून ते लोक आतून डांबराचा थर द्यायचे. आखाताच्या बाजूला जमिनीतून आपोआप झिरपणारं डांबर. त्या थराचा कण प्रयोगशाळेत पाठवला, की डांबर कुठलं ते कळतं. आणि नऊ नंबरचा ट्रे हा सगळ्यात खालच्या थरातला होता. म्हणजे गाव वसलं तेव्हाचा. गाव वसल्या दिवसापासून गलबतं येत होती, हे बाईंचं म्हणणं या एका ट्रेवर उभं होतं. वरच्या थरांत गाजरं होतीच, पण खालच्या थरात फक्त ही एकेचाळीस.

काकांनी हळूच विचारलं, "थर नसला तरी तुला ओळखू येतंच ना हे गाजर आहे?"

"मला ओळखू येतं. पण मला ओळखू येतं हा पुरावा नव्हे."

काका म्हणाले, "मी बघत होतो ग. मला वाटलं गंज काढतेय."

मी रडायला लागले. बाईंनी वही माझ्या हातात दिली. "लिही. ट्रे क्रमांक नऊ. एकेचाळीस तुकडे. आतील काळा थर धुण्याच्या वेळी टर्पेंटाइनने नष्ट झाला. धुणाऱ्या व्यक्तीस सूचना दिलेली नव्हती. चूक माझी." आणि स्वतःचं नाव घालायला सांगितलं.

"बाई, चूक माझी आहे."

"मी तुला सांगितलं होतं? काळं पुसू नकोस म्हणून?"

"नाही."

"मग? लिही. अक्षर चांगलं काढ, हे छापायचंय."

दुसऱ्या दिवसापासून मी गेले नाही. आईला सांगितलं, परीक्षा आहे. खरं म्हणजे तोंड दाखवायची लाज वाटत होती. टेबलाशी बसून काम करणारी आमच्या घरातली मी पहिली, आणि बाईंची बारा वर्षं फडक्याने पुसून आले. पुढे शिकायचं बाईंच्या जिवावर ठरवलं होतं, ते मनातून काढून टाकलं.

त्याच आठवड्यात बाईंच्या बरोबर शिकलेले एक मोठे सर आले होते. आई चपात्या करत होती, तिने ऐकलं ते घरी येऊन सांगितलं. आईला विषय कळत नव्हता, पण भांडण कळतं.

सर म्हणत होते, "अगं, असं कोणी अहवालात लिहितं का? 'थर आढळला नाही' एवढं लिही."

"आढळला होता."

"आता नाहीये ना?"

"आता नाहीये, कारण आम्ही घालवला. 'आढळला नाही' म्हणजे नव्हता. तो होता."

"लोक हसतील तुला. आणि खालच्या थराचा पुरावा गेला तो गेलाच. तुझं म्हणणं अर्धं राहील."

"राहू दे अर्धं. अर्धं पण खरं असेल ते."

"मुलीला काढून टाकलंस ना?"

यावर बाई काय म्हणाल्या ते आईने मला दोनदा सांगितलं. म्हणाल्या, "तिला टर्पेंटाइन लावायची अक्कल होती. मला सांगायची नव्हती. काढायचं कुणाला?"

हे अप्पांच्या कानावर गेलं. रविवारी ड्युटी संपवून, तोच निळा शर्ट अंगात, मला घेऊन ते बाईंकडे गेले. मी नको म्हणत होते. दारातच त्यांनी हात जोडले. "बाई, पोरीने स्वल्प नाही, फार नुकसान केलं. माझ्याच कॅनमधलं टर्पेंटाइन. माफ करा."

"आत या हो. हात कसले जोडता? चहा घेता की कॉफी?"

अप्पा बसले नाहीत. ट्रे बघायला लागले. आधी तुकड्यांवरच्या माझ्या खुणा बघितल्या, आणि एवढ्या सगळ्यातही मला दिसलं, की त्यांना बरं वाटलं. मग एक तुकडा उचलून नखाने आत खरवडला, वास घेतला.

"टर्पेंटाइन वरचं उचलतं, बाई. माती जे प्यायली ते नाही उचलत. दुकान बदललं की पाटी पुसून आम्ही नवं नाव लिहायचो. चार पावसाळे गेले की जुनं नाव खालून वर यायचं. दोन्ही मालक भांडायला माझ्याकडे. किती पुसा, आतलं जात नाही."

बाईंनी तो तुकडा त्यांच्या हातून घेऊन परत ट्रेत ठेवला.

"ठाऊक आहे मला," बाई म्हणाल्या.

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. "ठाऊक आहे? मग आठवडाभर काय करतेयस?"

"फोडायला लागेल ना."

तेव्हा मला कळलं, की बाई आठवडाभर डांबरासाठी नाही, त्या पकडीसाठी बसून होत्या. आत कुठेतरी थर शिल्लक असेल हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बघायला तुकडा मोडावा लागणार होता. चाळीस वर्षांत त्यांनी एकही मोडला नव्हता. माझ्या चुकीपायी त्यांना ते करावं लागणार होतं, आणि त्या मला तसं बोलूनही दाखवत नव्हत्या.

काकांनी आतून पकड आणली. बाईंनी चष्मा पुसला, नऊ नंबरातला पहिला तुकडा घेतला, कोपऱ्याला पकड लावली. काढली. पुन्हा लावली, काढली. मग पकड माझ्यापुढे धरली.

"तू कर. तुझा हात बारीक आहे."

"बाई, मी नको. मी आधीच…"

"म्हणूनच तू. आता तुझ्याइतकी जपून कोणी करणार नाही."

मी केलं. कट् असा आवाज झाला, सुपारी फोडल्यासारखा. बाईंनी डोळे मिटले होते. मग भिंग घेऊन कड बघितली. बराच वेळ. "बघ," म्हणाल्या, आणि भिंग आधी अप्पांच्या हातात दिलं, मग माझ्या. पिवळट मातीत, आतल्या बाजूच्या कडेला, केसाएवढी काळी रेघ होती. आणि चाकावर फिरताना पडलेल्या एका चिरेत मोहरीएवढा काळा कण, जसाच्या तसा.

संध्याकाळपर्यंत एकेचाळीस तुकडे झाले. सगळ्यांत रेघ नव्हती. काहींमधलं सगळंच गेलं होतं, ते बाईंनी वहीत 'गेलं' असंच लिहवून घेतलं. पण अकरा तुकड्यांत चिरेतले कण सापडले. अप्पांनी ते सुईने काढून लहान बाटल्यांत भरले, रंगाचे थेंब भरायची त्यांची जुनी सवय. बाटल्यांवर चिठ्ठ्या मी लिहिल्या. बाईंनी प्रयोगशाळेला पत्र लिहिलं, त्यात पहिलंच वाक्य टर्पेंटाइनचं. काका म्हणाले, "शेवटी लिही. आधी वाचून ते बाटल्याच उघडणार नाहीत." बाईंनी ऐकलं नाही.

आठ महिने उत्तर आलं नाही. त्या आठ महिन्यांत मी बी.ए. झाले. बाईंनी दुसऱ्या दिवशी मला एम.ए.चा फॉर्म आणून दिला, अर्धा स्वतःच भरून, चुकीच्या रकान्यांत. ट्रे परत करायची तारीख एकदा पुढे ढकलली, मग दुसऱ्यांदा मिळेना. बाई अहवालातल्या या प्रकरणाच्या दोन प्रती तयार ठेवून होत्या, एक पूर्ण म्हणण्याची, एक अर्ध्या म्हणण्याची. दोन्ही सारख्याच काळजीने लिहिलेल्या. मी विचारलं, "अर्ध्या प्रतीला एवढे कष्ट कशाला?"

"तीच छापावी लागली तर? तिने काय पाप केलंय?"

पत्र आलं ते बाईंनी उभ्यानेच वाचलं, मग माझ्याकडे दिलं. मी मोठ्याने वाचलं, काका ऐकू कमी येतं म्हणून जवळ आले. डांबर आपल्याकडचं नाही, आखाताच्या बाजूचं. पुढे लिहिलं होतं, की नमुन्यांत टर्पेंटाइनचा अंश मिळाला, तुम्ही आधी कळवलं होतं म्हणून तो वेगळा काढता आला. कळवलं नसतं तर बाहेरची भेसळ समजून सगळे नमुने बाद केले असते.

काका म्हणाले, "त्या सरांना पाठवू का हे?"

"नको," बाई म्हणाल्या. "त्यांना वाटेल मी जिंकले. मी काही जिंकले नाही. डांबर तिथलंच होतं."

पण त्या संध्याकाळी त्यांनी शेजारीपाजारी सगळीकडे मैसूरपाक वाटला. दूधवाल्यालाही दिला. तो म्हणाला, "अज्जी, काय विशेष?" बाई म्हणाल्या, "बाराशे वर्षांपूर्वी एक जहाज आलं होतं, ते आज पोचलं." तो बिचारा डबा घेऊन निघून गेला.

सरांनी पुन्हा फोन केला होता. आता पुरावा मिळाला, आता तरी नऊ नंबरच्या ट्रेची ती ओळ काढून टाक म्हणाले. बाईंनी काढली नाही. ती तशीच छापली आहे, 'चूक माझी'सकट. फक्त 'धुणाऱ्या व्यक्तीस' याच्या पुढे माझं नाव घालू द्या, असं मी म्हटलं होतं. त्यावर बाई म्हणाल्या, "तुझं नाव तिथे शोभत नाही. दुसरीकडे घालणार आहे."

खापरं परत गेली. पलंगाखालचा चीन रिकामा झाला. बाई आणि काका आता कोल्हापूरला असतात, भाचीजवळ. मी एम.ए. झाले. आता दुसऱ्या एका खणतीच्या खापरांवर पगारी काम करते. माझ्या हाताखाली तीन मुली आहेत, आणि काळ्याला हात लावायच्या आधी विचारा, हे मी त्यांना पहिल्या दिवशी सांगते.

अहवाल गेल्या वर्षी छापून आला. बाहेरून आलेल्या भांड्यांच्या प्रकरणावर दोन नावं आहेत. पहिलं बाईंचं आहे, दुसरं माझं.